माचाचा हिशेब

चि. मुक्ता,


‘गरोदरपणात माचा चालेल का?’ असं तू विचारलं आहेस. मला वाटतं, खरा प्रश्न ‘किती आणि कधी’ हा आहे. ‘अँटिऑक्सिडंट भरलेत, खुशाल पी’ म्हणणारे आणि ‘उष्ण पडेल, बंद कर’ म्हणणारे, दोघेही एक साधी गोष्ट विसरतात. आपल्या चहात पानांचा अर्क तेवढा कपात उतरतो आणि चोथा गाळणीत राहतो. माचा म्हणजे चहाच्या पानांची पूडच, त्यात अख्खं पान पोटात जातं. जपानात उजी, निशिओ या भागांत तोडणीच्या आधी साधारण तीन आठवडे चहाच्या झाडांवर आच्छादन घालतात. मग पानं वाफवून, वाळवून, देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. सावलीतल्या त्या कोवळ्या पानांत कॅफिन भरपूर असतं आणि गाळून टाकायला मागे काही उरत नाही. म्हणून माचा कपांत मोजण्यात अर्थ नाही, तो ग्रॅममध्येच मोजायला हवा.

एका ग्रॅम पुडीत साधारण १९ ते ४४ मिलिग्रॅम कॅफिन असतं. जपानी पद्धतीच्या पातळ माचाला सुमारे २ ग्रॅम पूड लागते, म्हणजे कॅफिन ४० ते ९०च्या घरात. घट्ट माचाला पूड जवळजवळ दुप्पट. कॅफेतल्या मोठ्या ग्लासात किती पडली, हे काउंटरपलीकडच्या मुलालाच ठाऊक. आता मर्यादा बघ. अमेरिकेतली प्रसूतितज्ज्ञांची संघटना, ब्रिटनची आरोग्यसेवा आणि युरोपची अन्नसुरक्षा संस्था गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमची हद्द सांगतात. जागतिक आरोग्य संघटना ३००च्या वर घेणाऱ्या बाईला कमी करायला सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत चहाच्या एका कपाला ३० ते ६५ मिलिग्रॅम धरले आहेत. तुझा दिवस दोन कप चहा आणि ३ ग्रॅमचा एक माचा असा गेला, तर बेरीज कमीत कमी ११७ आणि जास्तीत जास्त २६२. कप तेच तीन, पण एका हिशेबात तू निर्धास्त आणि दुसऱ्यात हद्दीबाहेर. दोष एकट्या माचाचा नाही, बेरजेचा आहे. पपई-अननसावर पहारा ठेवणाऱ्या आपल्या घरांत तीन वेळचा चहा मात्र कुणी मोजत नाही, ही गंमतच म्हणायची.

आणि ही बेरीज जसजसे महिने भरतील तसतशी जड होत जाते. एरवी घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, कारण ते मोडणारं यकृतातलं एन्झाइम भराभर काम करतं. गरोदरपणात तेच एन्झाइम मंदावतं आणि शेवटच्या महिन्यांत या कामाला पंधरा तासांच्या आसपास लागतात. सकाळी आठला प्यायलेल्या माचाचं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही रक्तात असतं. ते वारेतून सहज पलीकडे जातं आणि बाळाच्या यकृताला ते मोडता येत नाही. तेव्हा आज बेतात असलेला कप आठव्या महिन्यात बेतात राहीलच असं नाही.

यावर कुणीही म्हणेल, मग सोडूनच दे ना! या म्हणण्याला आधार आहे. २०२०मध्ये संशोधक जॅक जेम्स यांनी आधीचे अभ्यास पुन्हा तपासून, गरोदरपणात कॅफिनची सुरक्षित अशी पातळीच नाही, असा निष्कर्ष काढला. त्याआधी २००८मध्ये ब्रिटनमधल्या २,६३५ गरोदर स्त्रियांच्या पाहणीत कॅफिन वाढेल तशी बाळाची वाढ खुंटण्याची शक्यता वाढताना दिसली होती आणि त्याच वर्षी तिथली मर्यादा ३००वरून २००वर आली. पण हे बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. जास्त कॉफी पिणाऱ्या बायका अनेकदा सिगारेटही जास्त ओढतात. शिवाय ज्यांचं गरोदरपण नीट रुजलं आहे त्यांना मळमळ जास्त होते आणि त्या आपोआप कॉफी टाळतात, त्यामुळे दोष कुणाचा हे वेगळं काढणं अवघड जातं. डेन्मार्कमध्ये रोज किमान तीन कप कॉफी पिणाऱ्या बाराशे गरोदर स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटून, निम्म्यांना कॅफिनची आणि निम्म्यांना बिनकॅफिनची कॉफी दिली. २००७मध्ये निकाल आला: बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. अर्थात या प्रयोगातून सुरुवातीच्या गर्भपाताबद्दल काही कळत नाही. दोन्ही बाजू पाहून मला २०० हा आकडा छतासारखा वाटतो. त्याला डोकं टेकेपर्यंत उंच व्हायचं कारण नाही; शंभराच्या आसपास राहिलेलं बरं.

दुसरा आक्षेप माचाप्रेमींचा: त्यातल्या थिअनिनमुळे कॅफिन ‘शांत’ होतं. प्यायल्यावर वाटणारी तरतरी त्याने कदाचित सौम्य होत असेल, पण वारेपलीकडे जाणारे मिलिग्रॅम त्याने घटत नाहीत. ‘जपानी बायका पितातच की’ हेही तपासून घ्यावं. तिथल्या घरांत रोजचा चहा म्हणजे सेंचा, बांचा, होजिचा, आणि हे सगळे गाळून प्यायचे.

कॅफिनखेरीज माचातल्या कॅटेचिनांचाही विचार करायला हवा. फॉलिक अॅसिड ज्या एन्झाइमवर अवलंबून असतं त्याला ती अडवतात, हे २००५मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. फॉलिक अॅसिड जिच्यासाठी लागतं ती बाळाच्या मज्जारज्जूची नळी मिटते गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत. तुला आता पाचवा महिना, ती वेळ मागे पडली. ज्यांना अजून दिवस जायचे आहेत त्यांनी मात्र रोजच्या दोन-तीन माचांचा आधीच विचार करावा. तुझ्यासाठी मला लोहाची काळजी अधिक वाटते. चहातली ही द्रव्यं डाळी-भाज्यांतलं आणि गोळीतलं लोह धरून ठेवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणून तर रोज ६० मिलिग्रॅम लोहाची ती लाल गोळी. ती माचाबरोबर घेणं म्हणजे अर्धी गोळी मोरीत टाकणं. जेवण आणि गोळी या दोन्हींपासून माचा तासभर तरी लांब ठेव. आपल्या पोषण संस्थेचाही चहा-कॉफीबद्दल हाच सल्ला आहे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर उत्तम.

ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल मात्र घेऊच नकोस. त्यांतल्या एकवटलेल्या मात्रेने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. आणि अख्खं पान खायचं म्हटल्यावर मातीतून आलेलं शिसंही त्यात येऊ शकतं, तेव्हा कुठे पिकला आणि शिशाची तपासणी झाली का, हे सांगणाराच डबा घे. कॅफेतला माचा आणि त्यातली साखर सोड, घरी वजनकाट्यावर २ ग्रॅम मोजून सकाळी अकराच्या सुमारास घे. त्या दिवशी चहा एकच. एचबी कमी आलं तर माचा काही दिवस बाजूला, आणि बाकी तुझ्या डॉक्टर सांगतील तसं.

डब्याच्या मागच्या लेबलाचा फोटो पाठव. ताईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
मावशी