परटिणीची यादी

१७९६ साली म्युनिकमधल्या एका घराच्या दारात परटीण खोळंबली होती. आईनं आतून मुलाला सांगितलं, धुवायच्या कपड्यांची यादी तेवढी लिहून दे. मुलगा चोवीस वर्षांचा, नाव अलॉयस झेनेफेल्डर. घरात कागदाचा कपटा सापडेना, दौतीतली शाई वाळून गेलेली. समोर नुकताच घासून गुळगुळीत केलेला चुनखडीचा एक दगड पडला होता, आणि मेण, साबण नि काजळी खलून त्यानं स्वतःच केलेली एक चिकट शाई होती. त्यानं यादी दगडावर लिहून टाकली. कागद मिळाला की उतरवून घेऊ, एवढाच विचार.

ही हकीकत झेनेफेल्डरनं १८१८ साली आपल्या पुस्तकात स्वतःच सांगितली आहे. थोरांच्या अशा गोष्टींवर माझा फारसा विश्वास बसत नाही. म्हातारपणी आठवणींनाही इस्त्री केली जाते. पण ही यादी मला खरी वाटते, कारण तिच्यात सांगणाऱ्याचा मोठेपणा कुठंच नाही. आहे ती घरातली टंचाई.

टंचाई बरीच जुनी होती. वडील रंगभूमीवरचे नट. ते वारले आणि मुलाचं कायद्याचं शिक्षण सुटलं. त्यानं नाटकं लिहिली, एकदोन छापलीही, पण छपाईचा खर्च वजा जाता हातात काही उरेना. तेव्हा त्यानं ठरवलं, आपली नाटकं आपणच छापायची. छपाईचे खिळे विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं कोरायचा सराव सुरू केला. एकेक पत्रा पुन्हा पुन्हा घासायचा, पुन्हा लिहायचा. तांबं महाग, आणि घासून घासून ते झिजायचं. म्हणून सरावापुरता त्या भागात फरशीला वापरतात तो दगड आणला. म्हणजे परटीण आली त्या दिवशी दगड तिथं का होता, शाई तशी का होती, या प्रत्येकामागं खिशात नसलेला पैसा आहे. योगायोग एवढाच की कागद त्याच दिवशी संपला.

याच जातीच्या दगडात, झोल्नहोफेनच्या खाणीत, १८६१ साली एका आदिम पक्ष्याच्या पिसाचा ठसा सापडला. त्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘लिथोग्राफिका’, म्हणजे दगडी छपाईचा, हा शब्द आहे. पिसानं कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या दगडावर आपली प्रत काढून ठेवली होती. माणसाला जरा उशीर झाला, इतकंच.

यादी पुसण्याआधी झेनेफेल्डरला वाटलं, यावर तेजाब ओतून बघू. शाईखालचा दगड शाबूत राहिला, बाकीचा किंचित खचला, अक्षरं उठून आली. पण खरा शोध हा नव्हे. तो लागायला आणखी दोन वर्षं गेली. १७९८ च्या सुमारास त्याच्या ध्यानात आलं की दगड खोदण्याची गरजच नाही. स्निग्ध शाईनं लिहावं, दगड पाण्यानं ओला करावा, वरून शाईचा रूळ फिरवावा. ओला दगड शाई झिडकारतो, लिहिलेली रेघ ती धरून ठेवते. कागद दाबला की छाप. छापणारा भाग उंच नाही, न छापणारा खोल नाही. सगळं एकाच पातळीवर. तेल आणि पाणी यांचं जमत नाही हे जगातल्या प्रत्येक चुलीपुढच्या बाईला माहीत होतं. त्यावर छापखाना उभा राहील हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

आणि नाटकं? झेनेफेल्डरला नाटककार म्हणून आज कुणी ओळखत नाही. त्याच्या दगडाचं पहिलं गिऱ्हाईक संगीत ठरलं, कारण स्वरांच्या खुणा खिळ्यांत जुळवणं हा मोठा वैताग होता. मग नकाशे, मग चित्रं. ज्या गरजेपायी माणूस धडपडतो ती एका बाजूला राहते आणि त्यानं केलेली वस्तू भलत्याच घरी नांदायला जाते. शोधांच्या इतिहासात हे इतक्यांदा दिसतं की ‘गरज ही शोधाची जननी’ असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, कुणाची गरज?

ही वस्तू १८२० च्या दशकात मुंबईला आली. इथं तिला शिळाप्रेस म्हणू लागले.

मराठी तेव्हा छापली जात नव्हती असं नाही. बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीनं मराठी पुस्तकं काढली होती, मोडीचे खिळेसुद्धा पाडले होते. मिरजेला १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता छापून झाली होती. पण बहुतेक मराठी मजकूर अजून बोरूनं उतरत होता, आणि तो उतरवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग होता. पोथी नकलून देणाऱ्याची मजुरी ‘ग्रंथा’वर ठरे, बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ. पोथीच्या शेवटी हा लेखक कधी कधी गाऱ्हाणं घाली, की पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर खाली खिळवून हे लिहिलं आहे, तेव्हा जपून वापरा. परंपरेनं चालत आलेलं ते गाऱ्हाणं होतं, पण मोडलेली पाठ खरीच असणार.

छापखाना आला म्हणजे या लेखकाच्या पोटावर पाय, असं कुणालाही वाटेल. शिळाप्रेसनं मात्र उलटंच केलं. दगडावर अक्षर उलटं लिहावं लागतं, ही अडचण झेनेफेल्डरनंच सोडवून ठेवली होती: खास कागदावर स्निग्ध शाईनं सरळ लिहायचं, तो कागद दगडावर दाबायचा, अक्षर आपोआप उलटं बसतं. म्हणजे छापायला हवा होता तो सुरेख हाताचा लेखकच. नवं कौशल्य शून्य. बोरू तोच, वळण तेच, आडव्या पानांची सुटी पोथी तीच. फरक एवढाच की पूर्वी एकदा लिहिलं की एक प्रत व्हायची, आता एकदा लिहिलं की शेकडो. मोडीसारखी हात न उचलता धावणारी लिपी शिशाच्या सुट्या तुकड्यांत बसवणं जिकिरीचं. दगडाला तिचं काही वाटलं नाही. मोडी वाचनाची शाळेची पुस्तकं म्हणूनच पुढं कितीतरी वर्षं शिळाछापच राहिली.

गणपत कृष्णाजी हा मुंबईचा भंडारी जातीचा कारागीर. अमेरिकन मिशनऱ्यांची छपाई त्यानं पाहिली होती. त्यानं शिळाप्रेस स्वतःच्या खटपटीनं उभा केला, शाईही घरीच बनवली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. छापील कागदाला विटाळ मानणारी सनातनी मंडळी होती. शाईत कुठल्या जनावराची चरबी असेल कुणास ठाऊक. त्याचा इलाज म्हणून गणपत कृष्णाजीनं शाईत तूप घातलं, असं सांगतात. मला या माणसाचं फार अप्रूप वाटतं. झेनेफेल्डरनं तेल-पाण्याचं वैर शोधलं. ते कुठल्या तेलानं साधायचं हा प्रश्न म्युनिकमध्ये नव्हताच, तो गिरगावच्या आसपासचा होता. शोधाचा अर्धा भाग असा वापरणाऱ्याच्या घरात लागतो आणि त्याची नोंद बहुधा कुणी करत नाही.

पंचांग छापलं गेल्यावर गावच्या जोशाचं काय झालं? सालाचं पंचांग हातानं लिहून काढण्याचं त्याचं काम हलकं झालं, पण तिथी-वार सांगण्याचा मक्ता जाईना, कारण वाचता येणारे मूठभर. मक्ता सुटायला शाळा याव्या लागल्या. यंत्र एकटं कुणाचं काम काढून घेत नाही, असं मला हा इतिहास चाळताना वाटत राहतं. त्याला आणखी कुणाची तरी साथ लागते.

शिशानं मात्र लेखकाला उठवलं. गणपत कृष्णाजीनंच पुढं खिळे पाडले. १८६० च्या दशकात जावजी दादाजींचा निर्णयसागर उभा राहिला आणि देवनागरी खिळ्यांना असं देखणं वळण आलं की छापील अक्षरच सुंदर अक्षराचं माप ठरलं. लिहिणारा गेला, जुळारी आला. देवनागरीचा जुळारी म्हणजे काही सव्वीस अक्षरांचा धनी नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं मिळून त्याच्या केसमध्ये शेकडो घरं. कुठल्या घरात काय, ते बोटांना पाठ. उजव्या हातानं खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये लावायचा, ओळ उलटी वाचत. छापून झालं की तेच खिळे पुन्हा सोडून घरोघर टाकायचे.

माझे सुरुवातीचे लेख या हातांतून गेले. छापखान्यातले एक वयस्क जुळारी मला म्हणाले होते, “तुमची वाक्यं फार लांब. स्टिक भरली तरी क्रियापद येत नाही.” असा समीक्षक मला पुन्हा मिळाला नाही. मजकूर एकेक अक्षर उचलून वाचणारा दुसरा माणूस असतोच कुठं?

इकडं दगड स्वस्थ बसला नव्हता. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. जर्मन तंत्रज्ञ आला, प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, रंग नजरेनं फोडून देणारे कारागीर. लक्ष्मी-सरस्वती त्या दगडांवरून घराघरांतल्या भिंतींवर गेल्या. पुढं हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यात काम केलेला एक जण दादासाहेब फाळके. त्यांनी त्या कामातून काय उचललं आणि १९१३ साली काय करून दाखवलं ते मराठी माणसाला सांगायला नको.

मग अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९०४ च्या सुमारास आयरा रूबेल नावाच्या मुद्रकाच्या यंत्रात एक कागद घालायचा चुकला. मजकूर कागदाऐवजी रबरी आवरणावर उमटला आणि पुढच्या कागदाच्या पाठीवर रबरावरून उतरला. तो थेट छापापेक्षा सुबक निघाला. असे कागद पूर्वीही चुकले असणार आणि यंत्रवाल्यांनी शिव्या घालून ते फेकून दिले असणार. रूबेलनं तो उजेडात धरला. ऑफसेट म्हणतात ती हीच पद्धत. दगडाच्या जागी धातूचा पातळ पत्रा आला, तत्त्व मात्र तेच, तेल आणि पाण्याचं. ऑफसेटच्या मशिनमनला विचारा, रात्रभर त्याचं लक्ष कशावर असतं. पाण्यावर. पाणी वाढलं की छपाई फिकी पडते, कमी झालं की कोऱ्या जागेवर काळं धरतं. आज सकाळी तुम्ही वाचलेलं वर्तमानपत्र बहुधा असंच छापलं गेलं.

ऑफसेटनं काही कामं नव्यानं जन्माला घातली. फोटोटाइपसेटिंगच्या पट्ट्या येत, त्या कापून, मागं डिंक लावून, पान सजवणारा पेस्टिंगवाला हे त्यांतलं एक. रात्री अकराला बातमी बदलली की ब्लेडच्या टोकानं एवढीशी ओळ उचलून तिथं दुसरी बसवणारे हात मी पाहिले आहेत. हे काम शिकायला बरंच लागायचं आणि ते एका माणसाच्या नोकरीइतकंही टिकलं नाही. १९८५ साली संगणकावर पानं लावणारं पेजमेकर निघालं, काही वर्षांत देवनागरीचे फॉण्ट आले, आणि जुळारी आणि पेस्टिंगवाला दोघंही एकदमच उठले. जुन्या तंत्राचा माणूस जातो हे सगळ्यांना दिसतं. काल आलेल्या तंत्राचा माणूस त्याच्यासोबत जातो, त्याच्यासाठी कुणी लेखही लिहीत नाही.

अशा वेळी दिलासा दिला जातो की एक काम गेलं तर दुसरी येतात. येतात, खरं आहे. पण ती बहुधा दुसऱ्याला येतात. पंचेचाळिशीच्या जुळाऱ्याला संगणकापुढं बसवून पाहिलं गेलं. काही जमले, बरेचसे बांधणीत, गोदामात किंवा घरी गेले. समाजाचा हिशेब जुळतो म्हणून त्या माणसाचा जुळत नाही, आणि आपण दोन्ही हिशेब एकाच वहीत लिहितो. ही लबाडी आता तरी थांबावी. मुद्रितशोधकाच्या आणि भाषांतरकाराच्या टेबलापाशी पुन्हा तेच बोलणं चालू झालं आहे.

लिहिणारा सर्वांत जास्त टिकला तो उर्दूत. नस्तालिक वळण शिशात नीट बसेना, त्यामुळं मुंबईची उर्दू वर्तमानपत्रं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कातिबांच्या, म्हणजे हातानं लिहिणाऱ्यांच्या, हातची होती. त्यांनी लिहिलेलं पान तसंच्या तसं छापायचं. १९९० च्या दशकात संगणकावर उर्दू जुळवणारं इनपेज आलं तेव्हा ते उठले. एकाच शहरात, एकाच तंत्राच्या आधारानं, देवनागरीचा लेखक आधी गेला आणि उर्दूचा कितीतरी पिढ्या मागाहून. यात यंत्राचा गुणदोष कमी, लिपीच्या वळणाचा जास्त.

झेनेफेल्डरला मुळात हवं होतं ते मात्र आता मिळालं आहे. पैसे नसलेल्या नाटककारानं घरबसल्या आपलं नाटक आपणच जुळवावं, आपणच छापावं. त्याला दोनशे वर्षं लागली आणि मधल्या काळात किती जणांची बोटं त्या कामी आली, याची मोजदाद नाही.

तुमच्या घरी माळ्यावर किंवा देवघराच्या फळीवर एखादी शिळाछाप पोथी असण्याची शक्यता बरीच आहे: आडवी सुटी पानं, हातानं लिहिल्यासारखं अक्षर, कागद पिवळा. ती रद्दीत देऊ नका. शेवटचं पान आधी पाहा. छापखान्याच्या नावाबरोबर तिथं कधी कधी लिहिणाऱ्याचंही नाव असतं. ते टिपून ठेवा, आणि पोथी सांभाळणं जमणार नसेल तर ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा ठाण्या-मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात नेऊन दाखवा.