हजेरीचा रुपया

महाराष्ट्रात शाळेच्या हजेरीला एक रुपया फार पूर्वीपासून चिकटलेला आहे. 1917 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पुढे 1992 मध्ये राज्य सरकारने तोच रुपया उलट दिशेने फिरवला. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांतल्या दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना पहिली ते चौथीपर्यंत शाळेत आल्याच्या दिवसाला एक रुपया, वर्षाला फार तर 220 रुपये, आणि अट 75 टक्के उपस्थितीची. एक रुपया घरातून वसूल करायचा, दुसरा घरात पोचवायचा. दंडामागे धरून चाललेले असते की पालकाची इच्छा नाही. भत्त्यामागे, की पालकाला परवडत नाही. माझे मत सरळ आहे. आपल्या ठाणे भागात बहुतेक गैरहजेरी परवडत नाही म्हणून घडते, त्यामुळे रुपया शाळेकडून घराकडे जायला हवा. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे शिक्षणाची सक्ती मागितली, पण त्याच निवेदनात मागासलेल्या जातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसेही मागितली, शिक्षणाची गोडी लागावी म्हणून. शाहू महाराजांचा दंड सांगणारे त्यांची वसतिगृहे विसरतात. त्यांनी दंडाच्या कितीतरी आधी वसतिगृहे उभी केली होती.

ठाणे जिल्ह्यात परवडत नाही याचा अर्थ काय, ते वीटभट्टीवर दिसते. दिवाळी झाली की शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा भागातली कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे कल्याण-भिवंडीच्या आसपासच्या भट्ट्यांवर उतरतात. पावसाळ्यात घर चालवायला मालकाकडून उचल घेतलेली असते, ती विटा पाडून फेडायची. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते, म्हणून घरातला प्रत्येक हात मोलाचा. आठ वर्षांची पोर धाकट्याला सांभाळते, तेव्हा कुठे आईचे हात मोकळे होतात. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर या मुलीच्या नावापुढे दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात. तिच्या बापाला दंड केला, तर तो पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवला जाईल, इतकेच. आणि रोजचा एक रुपयाही तिला परत आणू शकत नाही. रकमेची ही गोष्ट स्पष्ट बोलायला हवी: तत्त्व बरोबर असूनही ती रक्कम लाजिरवाणी आहे.

मग मूल शाळेत येते कशाने? याचे उत्तर याच जिल्ह्याने देशाला दिले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, 1957 मध्ये कोसबादला नेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघरात आहे. वारली आदिवासींची मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना बोल लावला नाही. शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मोठ्या मुली धाकट्यांमुळे अडकतात म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. गैरहजेरी हा त्यांच्या लेखी मुलाचा गुन्हा नव्हता, शाळेला विचारलेला प्रश्न होता. पुढे 1990 च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. आणि 2016 मध्ये ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी कंटेनरमध्ये सिग्नल शाळा सुरू केली. मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून आलेली, सिग्नलवर फुले आणि खेळणी विकणारी मुले तिथे येतात. आंघोळ आणि जेवण शाळेतच होते. ही शाळा त्या मुलांच्या राहण्याच्या जागेपासून रस्ता ओलांडण्याइतक्या अंतरावर आहे, आणि माझ्या मते तिच्या यशाचे अर्धे कारण हेच आहे.

यावर आक्षेप येतात, आणि ते ऐकण्याजोगे आहेत. पहिला असा, की आमची पिढी छडी खाऊनच शिकली. खरे आहे, पण हे सांगणारे शाळेत टिकलेले लोक आहेत. छडीच्या भीतीने जे दुसरीतच पळाले, त्यांच्या आठवणी कुणी लिहून घेतल्या नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसे, खाऊ, बक्षीस दिले की मूल त्यासाठीच येते, आणि अट पुरी व्हावी म्हणून हजेरीपटही फुगतो. हा धोका मला मान्य आहे. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस तर मला चुकीचेच वाटते; ते ताप न आलेल्या मुलाला मिळते आणि तापातल्या मुलाला वर्गात ओढून आणते. म्हणून खाऊ आणि आधार यांत फरक करायला हवा. दुपारचे जेवण, एसटीचा पास, धाकट्या भावंडाची सोय, दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन केलेली विचारपूस, ही आमिषे नाहीत. वाटेतला दगड बाजूला करणे आहे. शिक्षकांवर आधीच निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे लादलेली आहेत, ही विचारपूस त्यांनी कधी करायची, असे कुणी विचारले तर ते रास्त आहे. ती कामे काढून घेऊनच ही मागणी करावी.

डोंबिवली आणि ठाण्याच्या सुस्थितीतल्या घरांनीही हा प्रश्न परका मानू नये. अकरावी-बारावी विज्ञानाची कितीतरी मुले नाव एका कॉलेजात घालतात आणि दिवस क्लासमध्ये काढतात. 2018 मध्ये सरकारने त्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आणली. अंगठ्याचे यंत्र कोण आले नाही ते सांगते. का आले नाही, ते त्याला कळत नाही. भट्टीवरच्या मुलीला शाळा गाठता येत नाही आणि या मुलांना ती गाठावीशी वाटत नाही, पण दोन्हीकडे उत्तर शाळेतच शोधावे लागेल.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने हे ओळखले आहे. त्यात सक्ती हा शब्द मुलावर रोखलेला नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होणे याची खात्री सरकारने करायची आहे, आणि आपापल्या हद्दीत उपस्थितीवर लक्ष ठेवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे आपल्याकडे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांचे आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. ते दाखवले की नव्या जागी शाळेने मुलाला सामावून घ्यायचे. आपल्या वॉर्डातल्या शाळेत जाऊन विचारा, गेल्या हंगामात अशी किती पत्रके आली. भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात. त्याआधीच विचारा.