मोहाच्या झाडाखालची वाट

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, उत्तरेस सातपुडा आणि मध्ये पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे. खामगाव, मलकापूर, नांदुरा येथील कापसाच्या पेठा व्यापारी कुटुंबांना घरच्यासारख्या परिचित असतात. मात्र संग्रामपूर तालुक्यातील सोनाळ्याच्या पुढे सातपुड्यात शिरणारी वाट त्यांपैकी थोड्यांनीच पाहिलेली असते.

या डोंगरात सुमारे 127 चौरस किलोमीटरचे अंबाबरवा अभयारण्य आहे. 1997 मध्ये घोषित झालेले हे वन मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग असून वाघ, बिबट्या व अस्वल यांचे ते घर आहे. वनविभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या यांच्याविना येथे पाऊल टाकता येत नाही. एकामागून एक चालावे, बोलणे टाळावे, नजर पुढच्या पावलावर ठेवावी, ही वनातील शिस्त. साधु-साध्वींच्या विहारातील ईर्यासमितीची आठवण श्रावकाला येथे सहज होते.

डोंगराच्या पायथ्याशी भिलाला, कोरकू, निहाल समाजांची वस्ती आहे. चैत्राच्या सुमारास उत्तररात्री मोहाची रसाळ, फिकट पिवळी फुले आपोआप गळतात. ती कोणी तोडत नाही. पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही हीच फुले प्रिय असल्याने ती वेळ जोखमीची असते. उन्हात वाळलेले फूल मनुकेसारखे दिसते. त्याची भाकरी होते, लाडू होतात. बियांपासून तेल निघते. हीच फुले भिजवून, आंबवून, मडक्यात उकळून त्यांच्या वाफेपासून मद्यही काढतात. जन्म, लग्न, मृत्यू या प्रसंगी त्याचा पहिला थेंब देवाला वाहण्याची रीत आहे.

मद्यत्याग हा श्रावकाच्या आचाराचा पाया. त्यामुळे पुढे केलेला द्रोण त्याने हात जोडून नाकारावा. यजमानाचा मात्र तिरस्कार करू नये. श्रावकाची खरी कसोटी त्याच्या व्यवहारात आहे. शास्त्राने वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत मद्यादिकांचा व्यापार म्हणजे रसवाणिज्य येते, तसेच वनाला आग लावणे म्हणजे दवदानही येते. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची प्रथा आहे. तो वणवा पसरला की असंख्य जीव होरपळतात. झाडाखाली जाळी बांधली तर आग लावावी लागत नाही आणि फूलही स्वच्छ मिळते. हा खर्च उचलणारा खरेदीदार अभयदानाचेच कार्य करील.

2021 मध्ये राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध काढले. आता हे फूल खाद्यपदार्थांसाठीही उघडपणे घेता येते. ते वजनावर विकले जाते, आणि विकणाऱ्याच्या घरात त्या दिवसांत बहुधा दुसरी मिळकत नसते. खोटे माप, म्हणजे हीनाधिक मानोन्मान, हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे. पेढीवर बसून ऐकलेला हा शब्द पहाटे टोपली भरणारे हात पाहिल्यावर अधिक नेमका कळतो.

वनातून सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे लागते. चौविहार पाळणाऱ्या यात्रिकाला हा नियम वेगळा सांगावा लागत नाही. दिवस मावळण्याआधी तो सोनाळ्यात पोहोचतो, गाळलेले पाणी पितो आणि शिदोरी सोडतो.