शेवटच्या सायकलचा विसावा

अकोल्याहून वाशिमकडे निघालेला सायकलवाल्यांचा गट पातूर सोडून मेडशीकडे चढू लागला, की त्याचे तीन तुकडे होतात. पुढे चार-पाच तगडी पोरं, मध्ये घोळका आणि पार मागे एखादे गुरुजी नाहीतर कृषी केंद्रवाले. मालेगावात टपरीवर सगळे पुन्हा एकत्र येतात, तेव्हा सगळ्यांची तक्रार एकच असते : घाटानं मारलं. मी फिजिओथेरपिस्ट. सायकलवाल्यांचे गुडघे, मनगटं, कमरा रोज तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर सायकलही हाणतो. माझं मत असं, की घाट बिचारा उगाच बदनाम आहे.

हिशेबच मांडू. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, वाशिम साडेपाचशेच्या. ७० किलोचा माणूस आणि १५ किलोची सायकल एवढं वजन अडीचशे मीटर वर न्यायचंय. स्नायू जाळतात त्यातली जेमतेम पाव ऊर्जा पायडलला मिळते, बाकीची उष्णता होऊन जाते. तेही धरलं तरी निव्वळ चढाचा खर्च दोनशेच्या आसपास कॅलरी. ज्वारीची एक जाड भाकर याहून जास्त देते. मग माणूस कोसळतो कशानं? तो चढ दुसऱ्याच्या वेगानं चढला म्हणून.

शरीराकडे इंधनाच्या दोन कोठ्या आहेत. चरबीची कोठी मोठी, पण तिच्यातून माल सावकाश निघतो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन झटपट मिळतं, पण ते साधारण दीड-दोन हजार कॅलरींपुरतंच. बोलत बोलत सायकल चालवता येते तोवर चरबी बराचसा भार उचलते. धाप लागून बोलणं तुटलं, की ग्लायकोजेन भराभर संपतं आणि रिकामी झालेली ही कोठी पोटभर जेवूनही पुन्हा भरायला दिवसभर लागतो. म्हणून पहिल्या दिवशी घाट मारून नेणारे दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर बसकण मारतात.

एकट्यानं जाणारा आपला वेग आपण ठरवतो. गटात ते सुख नाही. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की वारा कमी लागतो, कष्ट वाचतात, हे खरं. पण तो फायदा सपाटीवर आणि वेग असताना. चढावर ताशी आठ-दहाच्या चालीत वाऱ्याचा अडसर नसतोच, तेव्हा आडोशाचाही उपयोग नाही. त्यात रांगेचं एक गणित नवख्यांच्या लक्षात येत नाही. पुढच्यानं खड्डा पाहून जरासा ब्रेक दाबला, की दहाव्याला करकचून दाबावा लागतो. पुढचा निघून गेलेला असतो आणि दहाव्याला अंतर भरून काढायला उभं राहून पायडल हाणावं लागतं. अंतर दोघांचं सारखंच, पण मागच्याचा दिवस असल्या शेकडो छोट्या धावांत जातो.

आणि मग थांबा. पुढचे येतात, सायकली झाडाला टेकवतात, पोहे खातात, फोटो काढतात. वीस मिनिटांनी शेवटचा पोचतो. त्याचं पाणी पिऊन होतं न होतं तोच शिट्टी वाजते, ‘चला!’ ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दुखण्यांपैकी बरीच या वीस मिनिटांची असतात. वारीत विसावा सगळ्या दिंडीचा असतो, सायकलवाल्यांनी एवढं तरी उचलावं.

हे झालं एका दिवसाचं. लांबची सहल काढली, तर मालेगावहून पंढरपूर चारशे किलोमीटरच्या पुढे. हिंगोली, परभणी, गंगाखेड, अंबाजोगाई करत गटानं जायचं तर चार-पाच दिवस धरा. दुसऱ्या दिवशीपासून पाय नव्हे, टेकलेले अवयव बोलू लागतात. मागे एक गृहस्थ आले, त्यांना शर्टाचं बटण लावता येईना. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर. हँडलवर तळहाताची करंगळीकडची बाजू दिवसभर दाबून ठेवली, की तिथून जाणारी नस चेपते. दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलणं आणि कोपर सैल ठेवणं हाच त्यावरचा मुख्य उपाय. गुडघ्याच्या वाटीपुढे दुखत असेल, तर बहुतेकदा सीट खाली असते. पायडल तळाला असताना गुडघ्यात थोडाच बाक उरला पाहिजे. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली घेतात आणि गुडघ्याचं वाटोळं करून घेतात. जड गिअरमध्ये दात-ओठ खात दाबण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये भराभर फिरवलेलं बरं. मांड्या सोलवटल्यावर पावडर फासून उपयोग नाही, कोरडे कपडे हवेत. आषाढीच्या सायकल वारीत ओल्या चड्डीवर बसून राहणाऱ्यांचे हाल विचारू नका.

पाण्याचंही तसंच. तहान भागवायला नुसतं पाणीच ढोसत राहिलं, तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो आणि सोबती त्याला आणखी पाणी पाजतात! ओआरएसचं एक लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घाला. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतणारे महाभाग पाहिलेत मी.

२०१७ साली नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. तोवर एकाही भारतीयाला ती एकट्यानं जमली नव्हती. विदर्भातल्या पोरांना त्यातून चेव आला, चांगलंच झालं. पण त्या शर्यतीत मागे गाडी असते, गाडीत माणसं असतात आणि ती सगळी एकाच सायकलस्वारासाठी राबतात. गटाच्या सहलीत तसं कोण राबणार? बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीतसुद्धा २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५च्या आसपास. हौशी गटांना याहून घाई कसली असते, कोण जाणे.

समृद्धी महामार्ग आमच्या मालेगाव तालुक्यातून गेला, पण त्यावर सायकलीला बंदी. आपल्याला जुनेच रस्ते. दिवाळी झाली की ते सायकलीला चांगले, थंडी फेब्रुवारीपर्यंत पुरते. गटप्रमुखांना एवढंच सांगणं, की सगळ्यात संथ माणसाला रांगेत दुसऱ्या नंबरवर ठेवा आणि थांब्याची वेळ शेवटची सायकल पोचल्यापासून मोजा. लांबच्या सहलीला नाव नोंदवणाऱ्यांनी आधी शनिवार-रविवार सलग साठ-साठ किलोमीटर जाऊन पाहावं. सोमवारी सीटवर बसवत नसेल, तर आधी सीट बदला, मग पैसे भरा.