पडद्यामागची लक्ष्मी

कलावंतांच्या आयुष्यावरचे चित्रपट मी आवडीने पाहते. पण माझे लक्ष नायकावर फार वेळ ठरत नाही. तो गात असो की कॅमेऱ्याचा दांडा फिरवीत असो, माझे डोळे आपले त्याच्या स्वयंपाकघराकडे! आज या घरी चूल पेटली असेल का, वाण्याची उधारी कोणी फेडली असेल, असले प्रश्न मला पडतात. घरची मंडळी हसतात. हसोत बापडी!

परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ सालचा आणि रवी जाधवांचा ‘बालगंधर्व’ २०११ सालचा. वरोऱ्याला आमच्या घरी दोन्ही लागोपाठ पाहिले, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. फाळक्यांच्या सरस्वतीबाई आणि बालगंधर्वांच्या लक्ष्मीबाई, या दोन्ही भूमिका विभावरी देशपांडे यांनीच केल्या आहेत. नायक बदलला, घरची बाई तीच!

दोघींच्या नशिबात फरक मात्र केवढा! सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडली. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्या वाटेकरीण होत्या. लक्ष्मीबाईंना तेवढेही सुख नाही. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच मुलगी गेली, तरी नारायणराव भामिनी होऊन रंगभूमीवर उभे राहिले. त्या निष्ठेची थोरवी आपण शंभर वर्षे गात आलो आहोत. त्या रात्री मुलीच्या आईने काय केले असेल, हे कोण विचारतो?

मी विचारते, कारण मला माझी नागभीडकडची काकू आठवते. दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. काका नाटकांत बायकांची कामे करीत. लुगडी काकूचीच नेत आणि विरलेली परत आणीत. मागे धानाची मळणी, गुरे, पोरे, सारे काकूवर. एका वर्षी धाकट्याला रात्री ताप चढला. नाटक तीन कोसांवर चालले होते. पण काकूने निरोप धाडला नाही. “सारा गाव बसला होता पाहायला. मोडू कसा?” एवढेच ती म्हणे. पोरगा वाचला. काका-काकू मात्र त्या रात्रीविषयी एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

काकांवर कोणी चित्रपट काढणार नाही; काकूवर तर नाहीच नाही. पण यंदा झाडीपट्टीत नाटकाला गेलात आणि एखाद्या नटाने रात्र जिंकली, तर टाळ्या वाजवून झाल्यावर त्याला एवढे जरूर विचारा, “घरी कोण आहे हो?”