पाणी खाणारी गाडी

नांदेड-लातूरकडे मोटारीविषयीं बोलतांना एक क्रियापद सर्रास वापरलें जातें, आणि तें आम्हांस फार समर्पक वाटतें. गाडी ‘पाणी खाते’. पीत नाहीं, खाते. पिणारा तहान भागली कीं थांबतो. पण वाळवी लांकूड खाते, सावकार जमीन खातो, त्या जातीचें हें खाणें आहे. सकाळीं रेडिएटर कांठोकांठ भरावा आणि सायंकाळीं पाहावें तों पाणी चार बोटें खालीं गेलेलें. गाडीखालच्या जमिनीवर मात्र थेंबाचाही डाग नाहीं. हें पाणी गेलें कोठें, असा प्रश्न ज्यास पडत नाहीं त्यानें मोटार बाळगण्याच्या भानगडींत पडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां हेड गॅस्केट नांवाच्या एका पातळ तुकड्यांत सांपडतें. आमच्या इकडचे मिस्त्री त्यास ‘पॅकिंग’ असेंही म्हणतात. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, ज्यांत दट्टे वरखालीं होतात. त्यावर झांकणासारखें बसतें तें हेड. आणि या दोहोंच्या मध्यें मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचें हें गॅस्केट. पूर्वीं तें तांबें आणि ॲस्बेस्टॉस यांचें करीत. हल्लींच्या गाड्यांत बहुधा पोलादी पत्र्यांचे थर एकावर एक बसविलेले असतात. त्याच्या एका भोकाशीं २००० अंशांच्याही वर जाणारी ज्वाला, तिच्यापासून बोटभर अंतरावर वाहतें पाणी, आणि पलीकडे दाबाखालचें तेल. या तिघांनीं एकमेकांचें तोंड पाहूं नये, एवढीच व्यवस्था त्यानें ठेवावयाची असते. एकत्र कुटुंबांत हें काम जिच्याकडे असतें त्या व्यक्तीची वाचकांस येथें आठवण झाली तर नवल नाहीं.

गॅस्केट आपण होऊन क्वचितच जातें. त्यास घालविते ती उष्णता. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें, आणि पुष्कळशा नव्या इंजिनांचें हेड ॲल्युमिनियमचें असतें. इंजिन एकदां मर्यादेबाहेर तापलें म्हणजे हेड किंचित् वांकतें, केसभर फट पडते, आणि उरलेलें काम ज्वाला करते. उन्हाळ्यांत आमच्या भागांत पारा चाळिसाच्या वर चढतो. नांदेड गोदाकांठीं सखल प्रदेशांत, तर लातूर बालाघाटाच्या पठारावर, म्हणजे लोहा-अहमदपुरावरून जाणारी वाट एकंदरींत चढाची. परंतु उन्हापेक्षां आणि चढापेक्षां आम्हांस पाण्याचाच दोष अधिक वाटतो. कारखानदार रेडिएटरमध्यें जें द्रव घालावयास सांगतात तें विकत घेण्याची ऐपत व संवय थोड्यांची. बाकीच्या गाड्या विंधनविहिरीच्या क्षारयुक्त पाण्यावर चालतात. किटलीच्या बुडाशीं जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांतूनही धरतो, आणि तेथें तो कोणी घांसून काढीत नाहीं.

२०१६ सालीं तर पाण्याच्या निवडीचा प्रश्नच उरला नव्हता. लातुरास पाणी पुरविणारें मांजरा धरण कोरडें पडलें होतें. मार्च महिन्यांत पाण्याच्या टांक्यांपाशीं व टँकरांपाशीं भांडणें होऊं नयेत म्हणून कलम १४४ अन्वयें जमावबंदी करावी लागली, आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ आगगाडी दहा वाघिणींतून पांच लक्ष लिटर पाणी घेऊन लातूर स्टेशनांत पोहोंचली. पुढें वाघिणींची संख्या पन्नासापर्यंत गेली. जेथें माणसांचें पिण्याचें पाणी रुळांवरून येत होतें, तेथें इंजिनास शुद्ध जल पाजा असें कोणीं कोणास सांगावें?

त्याच वर्षीं मे महिन्यांत आमचा एक विद्यार्थी महाविद्यालय सोडल्याचा दाखला मागावयास आला. मुलगा दुसऱ्या वर्षाचा, चांगल्यांपैकीं. कारण विचारतां कळलें कीं, वडिलांची काळी-पिवळी जीप चाकूर-अहमदपूर वाटेवर चालत असे, ती बंद पडली आहे. एका कारखान्यांत तिचें इंजिन ‘बसलें’ असें सांगितलें असून तें नव्यानें बांधण्याचा खर्च गाडीच्या चालू किंमतीच्या निम्म्याहून अधिक आहे. कर्जाचे हप्ते थकले आहेत. तेव्हां गाडी मोडींत घालून त्यानें पुण्यास कामाला जावें असें घरांत ठरलें आहे. तर्कशास्त्र शिकविणारास ‘कशावरून?’ असें विचारण्याची एक खोड असते. ती येथेंही आड आली. “गाडी पाणी खायलीय सर, अन् पांढरा धूर सोडायलीय,” मुलगा म्हणाला. “ते म्हणले इंजिन गेलं.” दाखला आठ दिवस थांबवून आम्हीं बापलेकांस लातुरांतील एका वृद्ध उस्तादांकडे जीप ओढून नेण्यास सांगितलें, आणि त्या दिवशीं आम्हीही तेथें गेलों.

येथें थोडें विषयांतर करूं. धूर दिसला म्हणजे अग्नि आहे, हें अनुमान आमच्या नैयायिकांनीं इतकें घोळलें आहे कीं, संस्कृत न येणारासही तें ठाऊक असतें. पण त्यांनींच घातलेल्या दोन मेखा सहसा कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. पहिली अशी कीं, लांबून दिसणारी वाफ कोणी धूर समजला तर त्याचें सारें अनुमान फसलें. दुसरी याहून मार्मिक: अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें नाहीं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे पण धूर नाहीं, धूर हवा असेल तर अग्नीचा ओल्या इंधनाशीं संयोग व्हावा लागतो. निरोगी, तापलेलें इंजिन म्हणजे तो लोहगोलच होय. त्याच्या सायलेन्सरमधून पांढरे लोट निघूं लागले तर त्यांतलें इंधन ओलें झालें आहे काय, हें पाहणें प्राप्त होतें. हें उदाहरण आम्ही कित्येक वर्षें फळ्यावर लिहीत आलों. तें अक्षरशः लागू पडलेलें मात्र त्या दिवशींच पाहिलें.

उस्तादांनीं प्रथम धूर तपासला. कधींकधीं डीझेल इंजिन न जळलेल्या तेलाचाही पांढरा धूर सोडतें. तो डोळ्यांस झोंबतो आणि हातास त्याचा चिकट वास राहतो. उस्तादांनीं सायलेन्सरपासून हातभर अंतरावर तळवा धरला. तो ओला झाला, पुसला, हुंगला. वास नव्हता. म्हणजे तो धूर नव्हे, वाफ. मोटारींच्या पुस्तकांत या वाफेस गोडसर वास येतो असें लिहिलेलें असतें. पण तो वास रेडिएटरमधील ग्लायकॉलचा. ज्या गाडीनें जन्मांत विहिरीच्या पाण्यावांचून दुसरें कांहीं चाखलें नाहीं, तिच्या वाफेस तो कोठून यावा? त्यावरून ‘वास नाहीं, अर्थात् गॅस्केट ठीक’ असा निर्णय देणारे पंडित आम्हीं पाहिले आहेत.

पुढें तेल. रात्रभर उभ्या असलेल्या जीपखालीं वाटी धरून त्यांनीं तेलाच्या टांकीचा बूच अगदीं सावकाश ढिला केला. पाणी तेलाहून जड, म्हणून तेलांत पाणी उतरलें असेल तर पहिल्यानें तेंच बाहेर येतें. आलें तें निव्वळ काळें तेल. ही बातमी चांगली होती. पाणी तेलांत मिसळून फिरत राहिलें असतें तर बेअरिंगांचीही धडगत नव्हती.

मग त्यांनीं फॅनचा पट्टा काढून टाकला, रेडिएटर तोंडापर्यंत भरला, झांकण न लावतां इंजिन सुरू केलें आणि आम्हांस जवळ बोलाविलें. (इंजिन थंड होतें, हें येथें सांगितलें पाहिजे. रेडिएटरचें झांकण आंतील दाब वाढवून पाण्याचा उकळबिंदु सुमारें वीस अंशांनीं वर नेतें. गरम इंजिनाचें झांकण उघडलें तर दाब उतरतांच पाणी एकाएकीं उकळून तोंडावर येतें.) पाण्यांत एकसारखे बुडबुडे येत होते. “हे बघा सर,” उस्ताद म्हणाले, “पंप हवा ओढायला असता तर पट्टा काढल्यावर बुडबुडे थांबले असते. ही हवा आतून यायलीय.” एक पर्यायी कारण त्यांनीं चुटकीसरशी बाजूस सारलें होतें. नंतर पाना घेऊन त्यांनीं एकेका नोझलच्या नळीचें नट क्षणभर ढिलें केलें, म्हणजे त्या त्या सिलिंडरचें तेल तोडलें. पहिला, दुसरा: बुडबुडे तसेच. तिसरा ढिला करतांच ते ठळक कमी झाले. नट आंवळतांच पुन्हां पूर्ववत्. चौथ्याचा कांहीं परिणाम नाहीं. (नव्या धर्तीच्या डीझेल इंजिनांत हा प्रयोग कोणीं करूं नये; तेथील दाब जिवावर बेततो.) जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८४३ सालच्या आपल्या ग्रंथांत ‘व्यतिरेकाची पद्धति’ म्हणून जी सांगितली ती हीच: एक गोष्ट काढून घ्या, बाकी सर्व तशीच ठेवा, आणि काय बदलतें तें पाहा. उस्तादांनीं मिल्लचें नांव ऐकलेलें नव्हतें. आणि आमच्या पदवीधरांनीं, ज्यांनीं तें ऐकलें आहे, त्यांपैकीं कितीजण हातांत पाना घेऊन अशी परीक्षा करतील, हें न विचारलेलेंच बरें.

मराठींत ‘निदान’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत: रोगाची परीक्षा हा एक, आणि ‘कमींत कमी’ हा दुसरा. निदान निदान तरी करा, असें त्या पहिल्या कारखानदारांस म्हणावेंसें वाटलें. लक्षण मोठें दिसलें कीं रोगही मोठा ठरवावयाचा, आणि इलाज त्याहून मोठा, ही रीत हल्लीं सर्वत्र बोकाळली आहे. ती केवळ लोभानें येते असेंही नाहीं. पुष्कळदां ती आळसानें येते. तपासण्यापेक्षां बदलणें सोपें असतें, आणि पैसे दुसऱ्याचे जातात.

उलट जातीची चूकही होते. २०२२ च्या हिंवाळ्यांत आमच्या स्वतःच्या पेट्रोल गाडीच्या तेलाच्या झांकणाखालीं पिंवळट पांढरी साय आढळली. तेलांत पाणी मिसळल्याची ही खूण म्हणून एका ठिकाणीं तत्काळ हेड उतरविण्याचा सल्ला मिळाला. आम्हीं विचारलें, रेडिएटरचें पाणी कमी झालें आहे काय? नव्हतें. पट्टीवरचें तेल स्वच्छ होतें. घर ते महाविद्यालय एवढ्याच दोन-अडीच किलोमीटरांच्या फेरीनें थंडींत इंजिन पुरतें तापत नाहीं, आंतला दमटपणा झांकणाशीं गोठतो आणि तेलाशीं मिळून ती साय होते. त्या लोकांकडे एक निळें द्रव असतें. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यांतून ओढली आणि तींत ज्वलनाचा कर्बद्विप्राणिद वायु असला तर तें पिंवळें पडतें. आमच्या आग्रहावरून ती परीक्षा झाली. द्रव निळेंच राहिलें. झांकण पुसून आम्ही लातूरपर्यंत जाऊन आलों. वैद्यक ज्यास उपशय म्हणतें तो, म्हणजे उपचार देऊन रोग ओळखण्याचा हा प्रकार. त्यानंतर साय दिसली नाहीं.

जीपकडे परत येऊं. हेड उतरलें तेव्हां गॅस्केटची तिसऱ्या सिलिंडराभोंवतालची कडा करंगळीच्या नखाएवढी जळून पाण्याच्या भोकाशीं जाऊन मिळालेली होती. मुलाच्या वडिलांनीं तो तुकडा हातांत घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला. एवढ्याशा खांचेसाठीं आपण सबंध गाडी मोडींत काढणार होतों, हें त्यांस खरें वाटेना. “पोराचं नाव काढायला निघालो होतो सर,” एवढेंच ते म्हणाले. उस्तादांनीं सरळ पट्टी हेडवर आडवी-तिरपी धरून तिच्याखालीं पातळ पात्या सरकवून पाहिल्या, कोठें वांक आहे तें खडूनें खुणावलें, आणि हेड लेथवाल्याकडे घांसण्यास पाठविलें. दुसऱ्या दिवशीं तें परत आल्यावर बोल्ट मध्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांनीं, टॉर्क-पान्यानें आंवळले. एका कडेपासून आंवळीत गेलें तर हेड पुन्हां पिळतें, असें ते मुलास समजावून सांगत होते, आणि मुलगाही आमच्या तासास ऐकतो त्याहून अधिक लक्ष देऊन ऐकत होता.

पण उस्ताद गाडी सुरू करूं देईनात. गॅस्केट जळलें हें कळलें. तें कां जळलें? तेवढें सोडून दिलें तर नवें गॅस्केटही दिवाळीपर्यंत टिकणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं रेडिएटर उतरवून शेजारच्या दुकानीं पाठविला. तेथें वरची टांकी उकलून नळ्यांत सळई घातली तेव्हां अर्ध्याहून अधिक नळ्या चुन्यासारख्या थरानें बुजलेल्या निघाल्या. खाली अंथरलेल्या पोत्यावर पांढऱ्या खपल्यांचा लहानसा ढीग पडला.

आतां पाणी कोणतें घालावयाचें? मुलाच्या वडिलांनीं जवळची बादली उचलली. उस्तादांनीं ती त्यांच्या हातून घेतली, कपाटांतून तयार द्रवाचा डबा काढला, आणि पैशांचें विचारतांच वही उघडून त्यांच्या नांवावर रक्कम मांडली.