गाडीत कोण कुठे बसणार?

आमच्याकडे गाडी घ्यायची म्हटलं की आधी रंगावरून भांडण होतं, असा आजवरचा अनुभव. या वेळी रंगापर्यंत आम्ही पोचलोच नाही. सहा महिने एकाच प्रश्नावर अडकलो होतो. गाडीत कोण कुठे बसणार?

तर आधी माणसं सांगतो. मी, बायको, थोरली साडेतीन वर्षांची, धाकटं बाळ आठ महिन्यांचं, आणि आई-अण्णा. आई-अण्णा मूळचे भोंगवलीचे आणि मनाने अजून तिथेच. बाळ झाल्यापासून पुण्यात आमच्याकडे राहतात, पण दर दुसऱ्या शनिवारी घर उघडून झाडलं नाही आणि शेताच्या बांधावर उभं राहिलं नाही तर अण्णांना जेवण जात नाही. कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, चेलाडी, कापूरहोळ, किकवी आणि मग हायवे सोडून आत. एस.टी.च्या दिवसांत हा केवढा प्रवास वाटायचा! आता रस्ता मोकळा असला तर दीड तासात दारात.

आमची जुनी गाडी छोटी, पाच जणांची. पुढे मी आणि अण्णा. मागे एका खिडकीला थोरलीची खुर्ची (कार सीट हो, पण आमच्या घरात तिला खुर्चीच म्हणतात), मध्ये अंग चोरून बायको, दुसऱ्या खिडकीला आई आणि आईच्या मांडीवर बाळ. ही रचना इतकी सवयीची झाली होती की तिच्यात काही चूक आहे असं कुणाला वाटलंच नाही. मलाही नाही. थोरली पट्ट्यात आणि बाळ मांडीवर, यातला विनोद तेव्हा कळला नाही.

कळला तो दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी. हायवे सोडून आत वळलो होतो. पुढे उसाच्या दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, आणि समोरून येणाऱ्या मोटरसायलचा झोत डोळ्यावर. दिसला तेव्हा जोरात ब्रेक मारावा लागला. वेग फार तर तीसचा असेल. धडक बसली नाही. पण आईच्या हातातून बाळ सुटलं आणि अण्णांच्या सीटच्या पाठीवर जाऊन आपटलं. कपाळाला टेंगूळ. रडलं, दूध प्यायलं, झोपलं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. आई मात्र रात्रभर त्याच्या उशाशी बसून होती.

दुसऱ्या दिवशी बायको एवढंच म्हणाली, "दुसरी खुर्ची आणायची." आणली. बाळाची, पाठमोरी बसवायची. आता छोट्या गाडीत मागे दोन खुर्च्या लावल्या की मध्ये एक वीतभर जागा उरते. तिथे फार तर डबा बसतो. शिवाय पाठमोरी खुर्ची लांबीला इतकी जागा खाते की पुढची सीट पार पुढे सरकवावी लागते. अण्णांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. मग पाठमोरी खुर्ची पुढेच ठेवू म्हटलं, तर तेही नाही. पुढे एअरबॅग असते, आणि ती फुटली तर पाठमोऱ्या खुर्चीलाच धडकते. म्हणजे गाडीत चारच जण बसणार. अण्णा म्हणाले, "त्यात काय, मी एस.टी.नं येतो." आई लगेच, "मग मीही." आणि दोन महिने खरोखरच ते दोघं स्वारगेटहून एस.टी.ने गेले आणि आम्ही चौघं गाडीने. किकवीला उतरून पिशव्या घेऊन उभे असलेले आई-अण्णा दिसले की गाडीत बसल्या बसल्या मला लाज वाटायची.

सात सीटची गाडी घ्यायची हे तिथे ठरलं.

पण त्याआधी एक युद्ध बाकी होतं. आईचं म्हणणं सोपं होतं. "तुला मांडीवर घेऊन एस.टी.नं स्वारगेटला किती वेळा आणलंय मी. आजीच्या मांडीपेक्षा ती प्लास्टिकची खुर्ची चांगली होय?" शेजारच्या काकूंनी तर खुर्चीत बांधलेली थोरली बघून "पोरीला जुंपलंय जणू" असंच म्हटलं होतं. कायद्याचं सांगून पाहिलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यात १९४ ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या खुर्चीशिवाय असेल तर चालवणाऱ्याला १००० रुपये दंड. अण्णा म्हणाले, "कुणी भरलाय आजवर?" मला उत्तर देता आलं नाही. कारण त्या रस्त्यावर एका जीपमध्ये चौदा आणि मोटरसायकलवर चार माणसं मीही रोज बघतो.

मग एका रात्री पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. अकरावीतलं भौतिकशास्त्र, दुसरं काही नाही. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. गाडी कशावर तरी आदळली आणि पुढचा भाग अर्धा मीटर चेपून थांबली, तर आतल्या माणसाला थांबवायला त्याच्या वजनाच्या वीसपट जोर लागतो. बाळ आठ किलोचं. विसा आठे एकशे साठ किलो.

"म्हणजे ज्वारीची दीड पोती," अण्णा म्हणाले. आयुष्यभर पोती उचललेला माणूस. पुढे काही बोलले नाहीत. आईच्या हातांकडे बघत राहिले.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी त्याला मांडीवर घेऊन... त्याच्या जिवाशी खेळत होते का रे?"

याला काय उत्तर देणार? तू एकटीच नाही, आम्ही सगळेच, असं काहीतरी मी म्हणालो. ते खरंही होतं. मागे बसणाऱ्याने पट्टा लावायचा असतो हे तरी आमच्या घरात कधी घुसलं? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये सूर्या नदीच्या पुलावर अपघातात सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. ते बातम्यांत पाहिलं त्यानंतर मी मागचे पट्टे सीटखालून ओढून बाहेर काढले. तोवर ते आत दडपलेलेच होते, कारण बसताना टोचतात!

असो. गाडी.

मंडळी, गाडी बघायला जाताना लोक चेकबुक नेतात. आम्ही दोन खुर्च्या आणि आईला नेलं. शोरूमच्या काचेच्या दारातून मी एक खुर्ची खांद्यावर, बायको दुसरी कडेवर आणि मागून काठी टेकत आई, अशी वरात आत शिरली की विकणारी मुलं एकमेकांकडे बघायची. एका ठिकाणी मी आयसोफिक्सच्या कड्यांबद्दल विचारलं. (सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत बोटं घातली की दोन लोखंडी कड्या लागतात, खुर्ची त्यांनाच अडकते.) तो मुलगा म्हणाला, "सर, ते ॲक्सेसरीजमध्ये बसवून देऊ." त्या गाडीत त्या होत्याच. मी फटीत बोटं घालून त्यालाच दाखवल्या.

आईचं मत पहिल्यापासून ठाम. "ती मारुती व्हॅन बरी होती. दार सरकवलं की पाय आत." ओम्नीबद्दल बोलत होती. १९८४ साली नुसती मारुती व्हॅन म्हणून आलेली ही गाडी २०१९ पर्यंत बनत होती. चढायला सोपी, हे आईचं खरं आहे. पण इंजिन पुढच्या सीटखाली आणि समोर बॉनेट नाही, म्हणजे माझ्या हिशेबातला तो अर्धा मीटर तिथे नाहीच. अण्णांचा ओढा सुमोकडे. एक तर ती पुण्यात बनायची, दुसरं म्हणजे सुमंत मुळगावकरांच्या नावावरून तिचं नाव पडलंय याचा त्यांना कोण अभिमान. पण मागे समोरासमोरची बाकडी असलेली सुमो मुलांच्या खुर्चीच्या कामाची नाही. आडव्या बाकड्यावर खुर्ची लावताच येत नाही, आणि नुसता कमरेचा पट्टा असला तर बहुतेक खुर्च्यांना चालत नाही, खांद्यावरून येणारा लागतो. तसंही तीही २०१९ पासून बंद आहे.

मग राहिल्या आजच्या गाड्या. तेव्हा मी ताऱ्यांच्या नादी लागलो. धडक चाचणीत गाडीला तारे देतात ते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं, त्याआधीपासून ग्लोबल एनकॅपचे निकाल आहेत. त्यात एक गंमत कळली. मोठ्यांचे तारे वेगळे, मुलांचे वेगळे. मराझ्झोला २०१८ साली मोठ्यांसाठी चार तारे होते आणि मुलांसाठी दोन. जाहिरातीत अर्थातच चार. तारे जुनेही होतात, कारण चाचणी कडक होत जाते. एर्टिगाला २०१९ मध्ये तीन होते. २०२४ च्या नव्या नियमांच्या चाचणीत मोठ्यांसाठी एक, मुलांसाठी दोन. म्हणजे कुणी तारे सांगितले की कुठल्या सालचे आणि कुणाचे हे विचारायचं. हे मी घरी इतक्या वेळा सांगितलं की थोरली रात्री गच्चीत तारे बघून "हे कुणाचे?" असं विचारायला लागली.

पण खरी परीक्षा ताऱ्यांत नव्हती. ती होती मधल्या रांगेत. सात सीटच्या बहुतेक गाड्यांत तिसऱ्या रांगेत जायचं तर मधली सीट दुमडून वाट करावी लागते. आणि मधल्या सीटवर खुर्ची घट्ट बांधलेली असली तर ती दुमडायची कशी? दर वेळी खुर्ची सोडा, माणूस आत घाला, पुन्हा बांधा. एका गाडीत तर सामानाच्या दारातून आत जा असा सल्ला मिळाला. आईने त्या मुलाकडे असं बघितलं की तो पाणी आणायला गेला. जिथे मधल्या रांगेत दोन सुट्या सीट आणि मध्ये बोळ असतो, तिथे जाता येतं. पण बासष्ट वर्षांच्या, गुडघे धरलेल्या बाईने नऊवारीत त्या बोळातून वाकून मागे जायचं? गेली ती एकदा. तिसऱ्या रांगेत बसली. गुडघे छातीशी, आणि समोर दोन खुर्च्यांच्या पाठी. "बरंय," म्हणाली. आईचं 'बरंय' मला कळतं.

उत्तर बायकोला सुचलं, तेही पार्किंगमध्ये. दोन्ही खुर्च्या मधल्याच रांगेत कशाला? बाळाची एका सुट्या सीटवर, शेजारच्या सुट्या सीटवर आई. थोरलीची खुर्ची पट्ट्यानेही बांधता येते, ती तिसऱ्या रांगेत, आणि तिच्याजवळ ती स्वतः. "मी मागे बसते, माझे गुडघे चांगले आहेत." तिसरी रांग मागच्या दाराला चिकटून असते, मागून ठोकर बसली तर काय, ही भीती माझ्या मनातून गेलेली नाही. म्हणून मग ज्या गाडीत मागे जरा जास्त जागा आणि तिथेही खांद्याचा पट्टा, तीच बघायची असं ठरलं. यादी एकदम तीनावर आली.

शेवटची निवड अण्णांनी केली. नव्या मध्यम गाडीच्या पैशात जुनी मोठी गाडी मिळत होती. आमची चर्चा तासभर ऐकून ते म्हणाले, "जिचा पार्ट भोरात मिळतो ती घ्या. बाकी सगळं गाडी चालू असली तर." मग ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन, खालून-वरून बघून, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या मागून घेतली. कुठली, ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की मायलेज विचाराल.

पहिल्या शनिवारी निघालो. पाठमोऱ्या खुर्चीत बाळाचं तोंड मागे, त्यामुळे शेजारी बसलेल्या आईला ते अर्धवट वळून बघायला लागतं. कात्रजच्या चढाला ते रडायला लागलं. आईचे हात सवयीने पुढे गेले आणि पट्ट्यापाशी थांबले. मी आरशात बघत होतो. काही बोललो नाही. तिने एक बोट त्याच्या मुठीत दिलं. बोगदा संपेपर्यंत ते गप्प झालं आणि खेड शिवापूरच्या रांगेत झोपलंसुद्धा. आईने बोट काढलं नाही. भोंगवलीपर्यंत तसाच हात.

दारात गाडी थांबली तशी शेजारच्या काकू आल्या. आत डोकावून जागा मोजली. "एवढी मोठी गाडी! उद्या जाताना आम्हाला कापूरहोळपर्यंत सोडा, मी, सूनबाई आणि नातू. नातवाला काय, मांडीवर घेईन."

मी तोंड उघडणार, तोवर आई खांदा चोळत खाली उतरली. "मांडीवर नाही घ्यायचं," म्हणाली. "आत चला, चहा घ्या. ज्वारीच्या पोत्याचा हिशेब सांगते."